मिस्सा संपल्यावर: ख्रिस्ती श्रद्धा आणि शेजारधर्म

ठाण्यात तलावपाळीजवळ संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे पोर्तुगीज काळातले चर्च आहे. तिथली रविवारची मिस्सा संपताना धर्मगुरू जे अखेरचे शब्द उच्चारतात ते निरोपाचे असतात: शांतीने जा. लोक क्रूसाची खूण करून उठतात, लहान मुलांचे हात धरून बाहेर पडतात आणि पाच मिनिटांत रिक्षा, भाजी आणि दुपारच्या जेवणाचे बेत सुरू होतात. गंमत अशी की 'मिस्सा' हा आपल्याकडे रुळलेला शब्द याच निरोपातून आलेला आहे. लॅटिन उपासनेच्या शेवटी 'इते, मिस्सा एस्त' असे म्हटले जाई, त्याचा अर्थ साधारण 'जा, पाठवणी झाली' असा होतो. तासाभराच्या त्या विधीत शास्त्रवाचन असते, प्रवचन असते, प्रभुभोजन असते. पण नाव पडले ते दारातून बाहेर पडण्याच्या क्षणावरून. मराठीत पाठवणी म्हटले की लग्नानंतर मुलगी सासरी निघते तो प्रसंग आठवतो. मांडवातला सोहळा तिथे संपतो आणि संसार तिथून पुढे सुरू होतो. ख्रिस्ती श्रद्धेचेही पुष्कळसे असेच आहे.

मी स्वतः नगर जिल्ह्यातून ठाण्यात आलेल्या प्रॉटेस्टंट घराण्यातला. आमच्यात मिस्सा नसते, 'उपासना' असते, आणि फादरऐवजी पाळकसाहेब असतात. पत्नी ठाण्याच्याच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे परिसरातल्या मूळच्या, कॅथलिक कुटुंबातली. त्यामुळे घरात दोन्ही परंपरांचे शब्द एकत्र नांदतात आणि कधीकधी वादही होतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी एकदा सरळ विचारले होते, "तुमच्यात नेमकं करायचं काय असतं हो? आमच्यात एकादशी असते, सोवळं असतं, श्रावण असतो. तुमचं काय?" मी रविवार, नाताळ, ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ, राखेच्या बुधवारचा आणि गुड फ्रायडेचा उपवास इतके सांगितले आणि थांबलो. यादी तेवढ्यातच संपली होती. काकूंच्या चेहऱ्यावर 'एवढेच?' असा भाव होता, आणि तो रास्त होता. जे उरते ते यादीत बसत नाही. या लेखात मी ते उरलेले समजावून सांगण्याचा प्रयत्न करणार आहे.

त्यासाठी आधी एक गाठ सोडवावी लागते, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. ख्रिस्ती धर्मात माणूस देवाजवळ पोहोचतो तो चांगल्या कर्मांमुळे की श्रद्धेमुळे? संत पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने होते, ते देवाचे दान आहे, आणि कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांनी मिळत नाही. बायबलच्या त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र आहे आणि ते तितक्याच स्पष्टपणे बजावते की कृतीवाचून असलेला विश्वास मेलेला आहे. उघड्यावाघड्या, उपाशी बांधवाला नुसते 'सुखी राहा, पोटभर जेव' असे म्हणून वाटेला लावले तर त्याचा काय उपयोग, असा याकोबाचा सवाल आहे. ही दोन वाक्ये एकत्र नांदवणे इतके अवघड गेले की प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला 'गवताचे पत्र' म्हणून हिणवले. या प्रश्नावरून पश्चिमेकडची ख्रिस्ती मंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि मुख्य मुद्द्यावर एकमत नोंदवले: देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, माणसाच्या पुण्याईमुळे नव्हे, आणि अशा स्वीकारलेल्या माणसाकडून सत्कृत्ये घडणे हे त्या कृपेचेच फळ आहे. आमच्या घरातला वाद मात्र अजून अधूनमधून होतो.

मराठीत हे समजावून सांगायला एक फार चांगला शब्द आहे, तो म्हणजे 'उतराई'. आईवडिलांचे ऋण फेडता येत नाही हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. तरी माणूस उतराई होण्यासाठी धडपडतो, आणि ती धडपड हिशेब चुकता करण्यासाठी नसते, कारण हिशेब चुकता होणारच नाही हे त्याला पक्के माहीत असते. ख्रिस्ती माणसाची सत्कृत्ये या प्रकारची असावीत अशी अपेक्षा आहे. फरक इतकाच की या ऋणाची परतफेड घेणारा पत्ता बदललेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात येशू अंतिम न्यायाचे चित्र रंगवतो. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची सेवा, तुरुंगातल्याची भेट अशी सहा कामे तो सांगतो आणि म्हणतो, माझ्या या अगदी लहानांपैकी एकासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले. मृताला मूठमाती देणे हे सातवे काम परंपरेने नंतर जोडले. या कथेत मला सर्वांत विलक्षण वाटते ती एक गोष्ट: ज्यांनी ही कामे केली त्यांनाही ठाऊक नव्हते की आपण देवाची सेवा केली. 'प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिले?' असे तेच विचारतात. ज्यांनी केली नाहीत तेही नेमका तोच प्रश्न विचारतात. देव कुठे भेटेल याचा अंदाज कोणालाच आलेला नसतो.

आता शेजाऱ्याकडे वळू. मराठीत 'शेजारधर्म' हा शब्द ख्रिस्ती लोकांनी आणलेला नाही, तो आधीपासून आहे, आणि तो वापरताना आपल्या मनात एक भिंत किंवा एक मजला असतो. साखर संपली तर वाटी घेऊन जाता येईल तो शेजारी. येशूला एका शास्त्र्याने विचारले होते, "माझा शेजारी कोण?" त्यावर त्याने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. एक याजक आला आणि बगल देऊन गेला, एक लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, आला आणि तोही गेला, आणि मग शोमरोनातला, म्हणजे यहुदी लोक ज्यांना हलके समजत त्या समाजातला, एक प्रवासी आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. गोष्ट संपल्यावर येशू शास्त्र्याचा प्रश्न उलटा करून परत देतो: या तिघांपैकी कोण त्याचा शेजारी झाला? शेजारी कोण 'आहे' हे ठरवत बसायचे नाही, आपण शेजारी 'व्हायचे' असते.

या गोष्टीचा आणखी एक तपशील प्रवचनांत फारसा येत नाही. तो शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला निघून गेला. परत येईन, जास्त खर्च झाला तर देईन, असे सांगून गेला. त्याने व्यापार सोडला नाही, संन्यास घेतला नाही. सकाळी सात बत्तीसची लोकल पकडणाऱ्या माणसाला हा तपशील फार दिलासा देणारा आहे. त्याच्याकडून एका दिवसाची अडचण, दोन दिवसांची मजुरी आणि परत येण्याचा शब्द एवढेच मागितले आहे. अर्थात एवढेही आपण देत नाही. घोडबंदर रस्त्यावर दुचाकीवरून पडलेल्या माणसाभोवती गर्दी जमते, मोबाईल निघतात, पण रुग्णालयात नेण्यासाठी पुढे येणारे थोडे असतात, कारण पोलिसांच्या फेऱ्यांची भीती वाटते. म्हणून कायद्यालाच पुढे यावे लागले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. कायद्याने अशा माणसाला नाव दिले आहे 'गुड समॅरिटन', म्हणजे तोच चांगला शोमरोनी. तेव्हा हे कलम चर्चच्या फलकावर लावले तर मी तरी त्याला शास्त्रवचनच समजेन.

मात्र रस्त्यावरचा अपघात हा क्वचित येणारा प्रसंग आहे. श्रद्धेची रोजची कसोटी लागते ती पैशाच्या व्यवहारात, आणि तिथे आम्ही ख्रिस्ती लोक इतरांपेक्षा वेगळे दिसतो असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. याकोबाच्या पत्रात, विश्वास आणि कृती यांची चर्चा झाल्यावर तीनच अध्यायांनी, एक भयंकर वाक्य आहे: ज्या कामकऱ्यांनी तुमची शेते कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. ठाण्यात शेत कोणी कापत नाही, पण घरकाम करणाऱ्या ताई, सोसायटीचा रखवालदार, खाडीपलीकडच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यातला कंत्राटी मुलगा हे सगळे त्या वाक्यात बसतात. 'पुढच्या आठवड्यात देतो' हे आपल्याला साधे वाटते. जुन्या करारात मात्र लेवीय पुस्तकात नियमच आहे की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी राहू देऊ नये, म्हणजे एक रात्रही नाही.

विश्रांतीच्या दिवसाबद्दल तर अधिकच अडचण होते. दहा आज्ञांमध्ये विसाव्याच्या दिवसाची जी आज्ञा आहे, ती जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात कारणासकट दिली आहे: तुझ्या दासाला व दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा म्हणून. आता आमच्यासारख्या कुटुंबांतला रविवार पाहा. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून उपासनेला जातो, दुपारी पाहुणे येतात, चिकन आणि बॉटल मसाल्याचा वास जिन्यापर्यंत पसरतो, आणि नेमकी त्याच दिवशी भांडी जास्त पडतात म्हणून घरकामाच्या ताईंना सुट्टी नसते. देवाचा दिवस आम्ही पाळतो तो त्यांच्या पाठीवर. आमच्या घरात हे लक्षात यायला बरीच वर्षे लागली, आणि लक्षात आल्यावर रविवारची भांडी मी घासू लागलो. या सुधारणेचे श्रेय पत्नीचे आहे, माझ्या धर्मज्ञानाचे नाही. यशया संदेष्ट्याने उपवासाबद्दल असेच फटकारले आहे: उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता, खरा उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्याला वाटून देणे. प्रायश्चित्तकाळात मटण सोडणे त्यामानाने सोपे असते.

पैशाच्या बाबतीत सर्वांत नेमकी कथा जक्कयाची आहे. तो यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि बुटका. येशूला पाहता यावे म्हणून उंबराच्या झाडावर चढला. (आमच्या सासरकडे लग्नाआधी 'उंबराचे पाणी' आणतात, त्यामुळे ही कथा वाचताना मला हटकून वाजंत्री ऐकू येते.) येशू त्याच्या घरी जेवायला गेला आणि जक्कयाने उभे राहून जाहीर केले की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाला फसवून घेतले असेल तर चौपट परत करतो. चौपट हा आकडा कुठून आला? मोशेच्या नियमशास्त्रात, गणना या पुस्तकात, आपण होऊन चूक कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम अधिक एक पंचमांश द्यावा असे सांगितले आहे. चौपट दंड निर्गम या पुस्तकात आहे, तो मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला. जक्कयाने सवलतीचा नियम बाजूला ठेवला आणि चोराचा दंड स्वतःला लावून घेतला. शिवाय क्रम पाहण्यासारखा आहे. येशू आधी त्याच्या घरी जायचे ठरवतो, नंतर जक्कय पैसे परत करायचे ठरवतो. कृपा आधी, कृती नंतर, ही जी गाठ आपण वर सोडवत होतो ती इथे एका पंगतीत सुटलेली दिसते. कॅथलिक परंपरेतल्या पापनिवेदनातही पश्चात्ताप आणि कबुलीबरोबर भरपाई येते, चोरलेले परत करावेच लागते. फ्लॅटच्या व्यवहारात 'इतके चेकने आणि इतके रोख' असे ठरवणाऱ्या श्रद्धावंताने कबुली दिली तर भरपाई कोणाला द्यायची, हा प्रश्न मी एका धर्मगुरूंना विचारला होता. ते हसले नाहीत. मुद्रांक शुल्क बुडते ते सरकारचे म्हणजे सर्वांचे, तेव्हा त्याची भरपाईही सर्वांनाच द्यावी लागेल, एवढे म्हणाले.

इथवरचे सगळे एकट्याने करता येण्याजोगे वाटेल, पण ख्रिस्ती श्रद्धा एकट्याने जगायची गोष्ट नाही. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'कोइनोनिया' असा शब्द आहे, आमच्या मराठी बायबलांत तो 'सहभागिता' म्हणून येतो. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या विश्वासणाऱ्यांचे वर्णन करताना तो येतो: ते शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असत. आणि हाच शब्द पौल रोमकरांस लिहिताना यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीला वापरतो. म्हणजे एकत्र येणे आणि पदराला खार लावून घेणे यांना त्या भाषेत एकच शब्द पुरत असे. करिंथच्या मंडळीला पौलाने जे खडसावले त्याचे कारण हेच. तिथे प्रभुभोजनासाठी जमताना काही जण आपापले जेवण आधीच उरकून घेत, त्यामुळे एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. पौल म्हणतो, जे तुम्ही खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. विधी बरोबर होता, शब्द बरोबर होते, पण पंगत चुकली म्हणून सगळेच चुकले.

पंगत हा शब्द महाराष्ट्रात लिहिला की जात आपोआप येते, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नगर भागातल्या मिशनमधून जे मराठी ख्रिस्ती झाले त्यांत पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींतले लोक फार मोठ्या संख्येने होते. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेण्याचा अर्थ त्यांना पुस्तकातून समजावून द्यावा लागला नसणार. तरीही लग्न ठरवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न आमच्यात आजही विचारला जातो, थोडा हळू आवाजात. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि जे तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, त्यांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. संस्थेच्या चौकटीबाहेर पडून त्यांना जे शोधायचे होते ते त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९१९ पर्यंत, जेमतेम दोन वर्षेच चालले. मला तो अपयशी प्रयोग वाटत नाही, अपुरा वाटतो.

आज ठाण्यात आणि नवी मुंबईत ही सहभागिता दिसते ती कमी काव्यमय रूपात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महिला मंडळ, तरुण संघ आणि घरोघरच्या प्रार्थनासभा असतात. कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, इमारती आणि गल्ल्यांनुसार छोटे समूह केलेले असतात, त्यामुळे चौदाव्या मजल्यावर कोणी आजारी पडले तर निदान कोणाला तरी कळते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्य गरजू कुटुंबांना रेशन, औषधे, शाळेची फी पुरवतात. या संस्थेचा जन्म आमच्या काकूंच्या प्रश्नासारख्याच प्रश्नातून झाला. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याला विरोधकांनी टोमणा मारला होता: तुमच्या धर्माने पूर्वी काय केले ते राहू दे, आज तुम्ही काय करता? ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी उत्तर म्हणून निबंध लिहिला नाही, ते गरिबांच्या घरी जाऊ लागले. त्यांची पद्धत अजून टिकून आहे: दोघांनी मिळून जायचे, घरात बसायचे, ऐकायचे आणि कोणाला काय दिले याची वाच्यता करायची नाही. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये हे येशूचे वाक्य त्यामागे आहे. फोटो काढून देणग्या वाटण्याच्या आजच्या दिवसांत ही शिस्त मला धान्यापेक्षाही महत्त्वाची वाटते.

इथे एक शंका निघतेच आणि ती निघावी: ही सगळी सेवा धर्मांतरासाठी असते का? ठाण्याच्या मातीत या शंकेला इतिहास आहे. १३२१ मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती असे चार फ्रान्सिस्कन ठाण्यात मारले गेले, ते इथे सत्ता घेऊन आलेले नव्हते, इथल्याच पूर्वीपासूनच्या एका ख्रिस्ती घरात पाहुणे म्हणून उतरले होते. दोन शतकांनी पोर्तुगीज आले ते तलवारीसह, आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेईपर्यंत धर्म आणि राज्य एकमेकांत मिसळलेले राहिले. तेव्हा शंका घेणाऱ्याला दोष देता येत नाही. ख्रिस्ती शिकवणीची आजची भूमिका मात्र निःसंदिग्ध आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात म्हटले आहे की श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीचा किंवा अप्रामाणिक प्रलोभनाचा वास येईल असे वर्तन टाळावे, विशेषतः गरीब वा अशिक्षित लोकांबाबत. तांदळाच्या पिशवीला अट बांधली की ती सेवा उरत नाही, तो सौदा होतो. असे सौदे कुठेच होत नाहीत असा दावा मी करणार नाही, पण ते करणारा शोमरोन्याच्या वाटेवर नाही हे नक्की.

शेजाऱ्यांच्या धर्माशी रोजचा संबंध येतो तो अशा मोठ्या प्रश्नांतून नव्हे, मोदकातून येतो. गणपतीत सोसायटीची वर्गणी द्यावी का, आरतीला उभे राहावे का, प्रसाद घ्यावा का, या प्रश्नांवर आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत तीन उत्तरे झाली आहेत. आजी प्रसाद घेत नसे. वडील घेत आणि खातही. मी खातो आणि आणखी एक मागतो. नवल असे की आजी आणि वडील दोघेही एकाच पत्राचा दाखला देत. करिंथमध्ये बाजारातले मांस बहुधा देवळातल्या बळीचे असे, आणि ख्रिस्ती लोकांनी ते खावे की नाही यावर वाद होता. पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा बाजारात मिळते ते खा, कोणी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले विनाचौकशी खा. हे वडिलांचे वचन. पण कोणी सांगितले की हे बळीचे आहे, तर सांगणाऱ्याच्या आणि त्याच्या विवेकभावाच्या खातर खाऊ नको. हे आजीचे. पौलाचा रोख पदार्थावर नाहीच, समोरच्या माणसावर आहे: माझ्या मोकळेपणाने कोणाच्या मनाला ठेच लागते का? सोसायटीत हा रोख दोन्ही बाजूंनी लागू होतो. जो ख्रिस्ती शेजारी नम्रपणे नको म्हणतो त्याच्यावर रुसू नये, आणि जो घेतो त्याच्या श्रद्धेचे मोजमाप त्याच्या नातेवाइकांनी करू नये. वर्गणी आम्ही देतो, कारण जिन्यातले दिवे आम्हीही वापरतो.

नवी मुंबईत हाच प्रश्न वेगळे रूप घेतो, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या चर्चमध्ये आज मल्याळी, तमिळ, गोव्याचे, मंगळुरूचे आणि मराठवाड्यातले लोक शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यासाठी जुन्या करारातले एक पत्र जणू मुद्दाम लिहिलेले आहे. बाबेलला बंदिवान करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्टा लिहितो: घरे बांधा आणि राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे. गावाकडे डोळे लावून इथे नुसता पगार कमावू नका, असा त्याचा अर्थ. माझ्या मते या वचनाची एक बाजू आपण विसरतो. नव्या शहराचे हित पाहायचे तर ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर ते उभे राहिले त्या आगरी-कोळी गावठाणांचेही हित पाहावे लागते. आपण तिथे भाडेकरू म्हणून राहतो तेव्हा गावठाणाच्या अरुंद गल्लीला नाके मुरडणे हे यिर्मयाच्या पत्राविरुद्ध आहे.

शेवटी पुन्हा मिस्सेकडे येतो, कारण सुरुवातीची एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सुमारे इसवी सन १५५ मध्ये रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने सम्राटाला आपल्या लोकांची रविवारची उपासना कशी असते ते लिहून कळवले. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस हा क्रम आजच्यासारखाच आहे. त्यापुढे तो लिहितो की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर घेऊन जातात, आणि ज्यांची ऐपत व इच्छा आहे ते जे देतात ते अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले यांच्यासाठी ठेवले जाते.

माझी पत्नी महिन्यातून दोन रविवारी हेच करते. मिस्सेनंतर धर्मगुरू तिच्या हाती छोट्या डबीत ख्रिस्तप्रसाद देतात आणि ती तो घराबाहेर न पडू शकणाऱ्या तिघांकडे नेते. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याबरोबर एका जुन्या चाळवजा इमारतीत गेलो होतो. लिफ्ट नव्हती, चार जिने चढून दोघेही दमलो. आजी खाटेवर बसून वाट पाहत होत्या, डोक्यावर पदर घेतलेला, उशाशी मेणबत्ती तयार. पत्नीने डबी टेबलावर ठेवून प्रार्थनेचे पुस्तक उघडले, तर आजींनी हात वर करून तिला थांबवले आणि म्हणाल्या, "ते आपण करूच. आधी मला सांग, खालच्या मजल्यावरच्या शेखबाईंचं ऑपरेशन झालं का? चार दिवस झाले, मला कोणी काही सांगत नाही." आम्हाला माहीत नव्हते. पत्नीने डबी तशीच ठेवली, मला आजींपाशी बसवले आणि विचारायला ती खाली गेली.